फेरूलपासून मीटरपर्यंत

आमच्या सोसायटीच्या फाटकासमोरचा रस्ता ऐन मार्चात ओला दिसू लागला, तेव्हा पहिले चार दिवस सगळ्यांनी कोणीतरी गाडी धुतली असेल असेच धरून चालले. पाणी यायचे ते फक्त पहाटे पाच ते आठ, म्हणजे पुरवठ्याच्या वेळेत. नऊ वाजेपर्यंत ऊन लागून डांबर सुकून जायचे, आणि तक्रार केल्यावर पाहणीसाठी येणारा कर्मचारी दुपारी दोनला आला की त्याला कोरडा रस्ता दिसायचा. अखेर पहाटेचे चित्रीकरण दाखवल्यावर गळती मान्य झाली, पण ती कोणाची हा प्रश्न तिथूनच सुरू झाला. पाणीपुरवठा खात्याने सांगितले की मुख्य जलवाहिनी आमची, तिच्यावर बसवलेल्या फेरूलपासून पुढचा पाइप तुमचा. तेव्हा परवानाधारक प्लंबर लावा, खोदाईची परवानगी काढा, रस्ता पूर्ववत करण्याचे शुल्क भरा आणि काम करून घ्या. सभासदांनी सांगितले की पाइप रस्त्याखाली आहे, रस्ता पालिकेचा आहे, त्यावर आपण एक पैसाही खर्च करायचा नाही. मी त्या वेळी सचिव होतो, त्यामुळे दोन्ही बाजूंची पत्रे माझ्याच टेबलावरून गेली. पाणी सात आठवडे वाहिले.

हा अनुभव मुद्दाम सांगितला, कारण त्यात कोणीच लबाड नव्हते. खाते नियमावर बोट ठेवत होते आणि सभासद व्यवहाराला धरून बोलत होते. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी ठीक असताना पाणी मात्र वाहत राहिले, याचा अर्थ दोष माणसांपेक्षा त्या सीमारेषेत आहे, जी आपण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नळ ही चैन होती तेव्हाच्या कल्पनेने आखली आणि नंतर कधी तपासली नाही. त्या काळी घरात नळ घेणे म्हणजे सार्वजनिक वाहिनीतून खासगी सोय काढून घेणे होते, म्हणून त्या सोयीचा पाइप, तो कुठूनही जात असो, घेणाऱ्याचा. आज नळजोडणी नसलेले घर ही सरकारच्याच लेखी उणीव मानली जाते. तरीही फेरूलच्या पुढे सगळे खासगी, हा हिशेब बहुतेक शहरांत तसाच चालू आहे.

ज्यांना फेरूल हा शब्द परिचित नाही त्यांच्यासाठी एवढेच, की मुख्य वाहिनीला भोक पाडून त्यात बसवलेली ती छोटी पितळी तोटी असते, आणि तिच्यातून किती पाणी घरी जायचे हे तिच्या मापावरून ठरते. फेरूलपासून निघालेला पाइप रस्त्याखालून, फूटपाथखालून, बहुधा पावसाळी गटाराच्या कडेने आवारात येतो आणि आवारात कुठेतरी मीटर असेल तर त्याला मिळतो. माझा सगळा आक्षेप या फेरूल ते मीटर एवढ्याच तुकड्याबद्दल आहे. मीटरच्या अलीकडे, घराच्या बाजूला, जे गळते त्याचा खर्च घरमालकाने करावा याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मीटरच्या पलीकडे, रस्त्याच्या बाजूला, जे गळते त्याचा खर्च मात्र पालिकेने करावा आणि तो पाणीपट्टीतून सगळ्यांकडून वसूल करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण साधे आहे. त्या तुकड्यावर घरमालकाची सत्ता कसलीच नाही. तो किती खोल पुरायचा, कोणत्या प्रतीचा घालायचा, त्याच्यावरून किती टनांचे डंपर जाऊ द्यायचे, शेजारून केबलसाठी कोणाला खणू द्यायचे, रस्त्याचे काँक्रिटीकरण करताना तो उचलायचा की तसाच गाडून टाकायचा, यातले काहीही घरमालक ठरवत नाही. पाइप फुटण्याची जी खरी कारणे आहेत, म्हणजे गंज, वाहतुकीचे हादरे, वारंवारची खोदाई आणि पुरवठा चालू-बंद होताना बसणारे दाबाचे धक्के, ती सगळी त्याच्या हाताबाहेरची आहेत. एवढे असून पाइप फुटल्यावर तो दुरुस्त करायलाही त्याला पालिकेचीच परवानगी काढावी लागते, आणि पावसाळ्यात तर खोदाईला बंदीच असते. ज्या वस्तूला हात लावायलाही परवानगी लागते तिला मालकीची म्हणणे ही भाषेची गंमत झाली.

त्याहून गंभीर गोष्ट अशी की ज्याने दुरुस्तीचा खर्च करायचा त्याला न केल्याचा तोटा जवळजवळ होत नाही. जलशास्त्राचे साधे सूत्र लावले तर दहा मीटर दाबाच्या, म्हणजे दहा मीटर उंचीवरच्या टाकीएवढ्या दाबाच्या, पाण्याला तीन मिलिमीटरचे छिद्र मिळाले की तासाला सुमारे दोनशे लिटर पाणी जाते. आमच्या पाइपाला तेवढेच छिद्र होते असे धरले, तर रोज तीन तासांचे सहाशे लिटर, म्हणजे सात आठवड्यांत जवळपास तीस हजार लिटर. मुंबईत घरगुती पाण्याचा दर हजार लिटरला दहा रुपयांच्याही आत राहिलेला आहे. दहाच धरले तरी वाया गेलेल्या पाण्याची किंमत तीनशे रुपये होते. खोदाई, प्लंबर आणि रस्त्याचे शुल्क मिळून आम्हाला सांगितलेला आकडा हजारांत होता. बरे, हे तीनशे रुपयेसुद्धा आमच्या बिलात लागले नसते, कारण गळती मीटरच्या आधी होती. जिथे मीटरच नाहीत तिथे तर प्रश्नच मिटला. पुण्यासारख्या शहरात घरगुती पाणीपट्टी वर्षानुवर्षे मिळकतकराच्या बिलातून, वापर न मोजताच घेतली गेली. नळाला पाणी येणे पुरते थांबेपर्यंत किंवा त्यात घाण येईपर्यंत थांबून राहणे हाच अशा व्यवस्थेत घरमालकासाठी शहाणपणाचा व्यवहार ठरतो, आणि माणसे तेच करतात. त्यांना बेजबाबदार म्हणून फलक लावण्यात काही अर्थ नाही.

तोटा होतो तो दुसऱ्याचा. मुंबईला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी येते ते मुख्यतः भातसा, वैतरणा, तानसा या धरणांतून, शंभर किलोमीटरच्या आसपास वाहून आणून, शुद्ध करून. गळती, चोरी आणि न मोजलेला वापर मिळून त्यातला चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक हिशेबाबाहेर जातो असे वारंवार मान्य केले गेले आहे. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने २००८ साली सेवेचे मापदंड ठरवले तेव्हा ही मर्यादा वीस टक्के धरली होती. ही धरणे ज्या भागात आहेत त्या शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, हे ठाणे जिल्ह्यातल्या कोणालाही नव्याने सांगायला नको. पुण्याचे पाणी खडकवासल्यातून येते आणि त्याच साखळीच्या पाण्यावर दौंड-इंदापूरचा शेतकरी आवर्तनाची वाट पाहत बसलेला असतो. शहरातल्या एका रस्त्याखाली मुरणारे पाणी हे अशा कोणाचे तरी असते, पण त्याला आमच्या सोसायटीवर दावा लावता येत नाही.

इथे कोणी म्हणेल, पाणीच तर आहे, जमिनीत मुरते, विहिरींना लागते. पाणी मुरते हे खरे, पण गळका पाइप दोन्ही बाजूंनी गळका असतो, हे आपण विसरतो. आपल्याकडे पुरवठा तासांवर चालतो. पाणी सोडले की छिद्रातून बाहेर येते आणि पाणी बंद झाले की वाहिनी रिकामी होताना त्याच छिद्रातून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. त्यात कोणी जोडणीला थेट टुल्लू पंप लावला असेल तर अधिकच जोराने. बाहेर काय असते? आमच्याकडे खणल्यावर दिसले ते असे की पाइप आणि गटाराची भिंत यांच्यात वीतभरही अंतर नव्हते. दुसऱ्या दिवशी पाणी येते तेव्हा आत ओढलेली ती घाण पहिल्यांदा कोणाच्या घरी जाते हे छिद्र ठरवत नाही. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली तेव्हा दूषित पाणी म्हणजे काय याचा अनुभव त्या शहराने घेतला. साथ आली की तपासण्या, क्लोरीनच्या गोळ्या आणि रुग्णालये हा सगळा खर्च सार्वजनिक तिजोरीतून होतो आणि त्याबद्दल कोणी तक्रारही करत नाही. त्याच तिजोरीतून पाइप बदलायचा म्हटले की मात्र तो खासगी आहे याची आठवण होते.

या नियमाचा सर्वांत जास्त भार कोणावर पडतो हे मला उशिरा कळले. उंच इमारतीच्या दारातूनच मुख्य वाहिनी जाते. तिचा जोडणीचा पाइप दहा-पंधरा फुटांचा असतो आणि खर्च शंभर सदनिकांत वाटला जातो. वस्तीत मुख्य वाहिनी आतपर्यंत येत नाही. ती हमरस्त्यावर थांबते, आणि तिथून पाच-सात घरांच्या गटाने मिळून घेतलेल्या जोडणीचा अर्ध्या-पाऊण इंची पाइप गल्ल्यांतून, उघड्या गटारांतून, कधी दोनशे तर कधी पाचशे फूट ओढत न्यावा लागतो. मुंबईच्या कोणत्याही जुन्या वस्तीत गटारावर वाकून पाहिले तर अशा पाइपांची जुडीच्या जुडी दिसते. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून थांबवलेले सांधे दिसतात. ज्यांची मिळकत सर्वांत कमी त्यांच्या मालकीचा पाइप सर्वांत लांब, सर्वांत उघडा आणि सर्वांत घाण जागेतून जाणारा. ज्याचा पाइप त्याचा खर्च हे तत्त्व कागदावर समान दिसते, पण प्रत्यक्षात ते मुख्य वाहिनी न पुरवल्याचा दंड वस्तीतल्या माणसाकडून वसूल करते. अनधिकृत वस्तीतल्या माणसालाही पाणी नाकारता येणार नाही असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली पाणी हक्क समितीच्या याचिकेत सांगितले. जोडणी मिळाल्यावर ती टिकवायची कोणी, हा त्याच्या पुढचा प्रश्न आहे आणि तो अजून कोणी नीट विचारलेला नाही.

जुन्या वाड्यांची कथा वेगळी आणि थोडी हास्यास्पद आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार जागा दुरुस्त ठेवणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. त्याने हयगय केली तर किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, मात्र वर्षाला एकूण भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नाही. तरतूद चांगली आहे. आता महिना शंभर रुपये भाडे असलेल्या खोलीचा हिशेब करावा: वर्षाचे बाराशे, त्याचा चौथा हिस्सा तीनशे. तीनशे रुपयांत प्लंबर पिशवीही खाली ठेवत नाही. मालक म्हणतो या भाड्यात मी पाइप कुठून बदलू, भाडेकरू म्हणतो कायद्याने तुझे काम. दोघेही खरे बोलतात आणि चौकातला नळ ठिबकत राहतो.

याउलट सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत हा प्रश्न बऱ्यापैकी शहाणपणाने सोडवलेला आहे, आणि आश्चर्य याचे की तेच शहाणपण शहराच्या पातळीवर आपल्याला सुचत नाही. बाहेरच्या पाण्याच्या वाहिन्या, पंप, टाक्या, सामायिक पाइपांतून होणारी गळती यांचा खर्च संस्थेचा. सदनिकेच्या आतल्या नळांचा, शौचालयाचा, सिंकचा खर्च सभासदाचा. संस्थेच्या वाट्याचा खर्च भागवण्यासाठी दुरुस्ती व देखभाल निधी असतो, त्यात बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्का वर्गणी प्रत्येकाने आधीच भरलेली असते. गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारा सामायिक डाऊनटेक पाइप दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर फुटला म्हणून त्याचे पैसे दुसऱ्या मजल्याकडून मागावेत असे आमच्या सर्वसाधारण सभेतही कोणी सुचवत नाही, आणि त्या सभेत काय काय सुचवले जाते हे मला चांगले ठाऊक आहे. पाइप सामायिक जागेत आहे, तो कोणाकडे पाणी नेतो हे गौण आहे, हे तिथे सगळ्यांना पटते. फाटकाबाहेर पाऊल टाकले की मात्र हा न्याय उलटतो.

इंग्लंडचे उदाहरण इथे घेण्यासारखे आहे, कारण पाण्याचे पूर्ण खासगीकरण केलेला तो देश आहे आणि तिथे तरी ज्याचे त्याने भरावे हे कडकपणे पाळले जात असेल असे आपल्याला वाटते. तिथे मुख्य वाहिनी आणि मालमत्तेच्या हद्दीपर्यंतचा पाइप कंपनीचा, हद्दीच्या आतला घरमालकाचा. म्हणजे रस्त्याखालच्या तुकड्याचा वाद त्यांच्याकडे नाहीच. वाद होता तो हद्दीच्या आतल्या पाइपाचा. १९९५ च्या उन्हाळ्यात यॉर्कशायरमध्ये जलाशय आटले, टँकरच्या रांगा लावून पाणी न्यावे लागले आणि कंपन्यांच्या गळतीवर देशभर टीका झाली. मे १९९७ मध्ये नव्या सरकारने जल परिषद बोलावून जो दहा कलमी कार्यक्रम कंपन्यांपुढे ठेवला, त्यात घरगुती ग्राहकांच्या स्वतःच्या मालकीच्या पाइपांतली गळती विनामूल्य शोधून दुरुस्त करण्याची सेवा द्यावी असे एक कलम होते. मालकी घरमालकाकडेच राहिली, पण बऱ्याच ठिकाणी पहिल्या दुरुस्तीचा भार, अटींसह का होईना, कंपनीने उचलायला सुरुवात केली. हे दानधर्म म्हणून झाले नाही. मालकाने दुरुस्तीचे पैसे जमवेपर्यंत वाहणाऱ्या पाण्यापेक्षा दुरुस्तीच स्वस्त पडते, हा तो हिशेब होता.

आपल्याकडे हा विषय काढला की पहिली हरकत पैशांची येते: आधीच पाणीपट्टी वसूल होत नाही, त्यात हा नवा भार कशाला. भार किती, ते पाहू. समजा एका शहरात एक लाख जोडण्या आहेत, त्यातल्या दरवर्षी शंभरात दोन रस्त्याखाली गळतात आणि प्रत्येक दुरुस्तीला दहा हजार रुपये लागतात. एकूण दोन कोटी. जोडणीमागे वर्षाला दोनशे रुपये. जिथे एका जोडणीवर चाळीस सदनिका आहेत तिथे प्रत्येकी पाच रुपये. आकडे गृहीत आहेत, कोणी तिप्पट धरावेत. तरी ती रक्कम पाणीपट्टीत वेगळी दाखवून मागता येईल एवढीच राहते. शिवाय पालिकेने स्वतः केलेल्या कामाला स्वतःचीच खोदाई परवानगी लागत नाही आणि रस्त्याचे शुल्क एका खिशातून दुसऱ्या खिशात जाते. सुट्या ग्राहकाने एकेक प्लंबर गाठून केलेल्या कामापेक्षा वॉर्डाच्या गँगने, एका प्रतीचे साहित्य वापरून केलेले काम स्वस्त आणि टिकाऊ असते. जाता जाता हेही सांगायला हवे की सध्याच्या पद्धतीत परवानगी, पाहणी आणि चहापाणी यांच्या ज्या पायऱ्या आहेत त्या काही जणांच्या सोयीच्या आहेत, आणि बदलाला विरोध नेहमी तत्त्वाच्याच कारणाने होतो असे नाही.

दुसरी हरकत न्यायाची आहे आणि ती मला अधिक विचारात पाडते. जो नियमित पैसे भरतो त्याने बेपर्वा शेजाऱ्याचा पाइप का दुरुस्त करून द्यावा? तर बेपर्वाई जिथे शक्य आहे तिथे त्याने देऊ नये. मोटर थेट जोडणारा, फेरूल परस्पर मोठी करणारा, वाहिनीला भोक पाडून चोरून पाणी घेणारा, यांच्याकडून खर्चही घ्यावा आणि दंडही. पण तीन फूट खोल, डांबराखाली, कोणाला न दिसणाऱ्या पाइपाबाबत घरमालकाने बेपर्वा असणे म्हणजे नेमके काय करणे? तिथे निष्काळजीपणा असेल तर तो बसवणाऱ्याचा किंवा खणणाऱ्याचा. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि घरांत पाणी शिरले, तेव्हा उंदीर, घुशी आणि खेकडे यांनी भिंत पोखरल्याचे सांगण्यात आले. सरकारी वाहिनीची देखभाल चुकली तर घुशींपर्यंत समजून घेतले जाते; घरमालकाच्या पाइपाला गंज चढला तर ती मात्र त्याची कसूर.

मीटरच्या आतली बाजू घरमालकाची, असे वर म्हटले, पण तिथेही दोन सवलती असाव्यात. भिंतीत किंवा जमिनीखाली दडलेली गळती बिल अचानक फुगल्यावरच कळते; अशा वेळी ठरावीक दिवसांत दुरुस्ती करून दाखवणाऱ्याचे जादा बिल एकदा माफ करावे. आणि नव्या इमारतीत असे काही घडले तर रहिवाशांनी वर्गणी काढण्याआधी बिल्डरकडे पाहावे: स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातले किंवा सेवांतले दोष त्याने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचे आहेत. किती तरी सोसायट्या ही मुदत संपल्यावरच जाग्या होतात. खेड्यांत, जलजीवन मिशनखाली अंगणापर्यंत नळ पोहोचला आहे तिथे, ग्रामपंचायतच योजना चालवते आणि तीच पाणी सोडते, त्यामुळे दुरुस्तीही तिनेच करावी यावर सहसा भांडण नसते. भांडण असते ते पाणीपट्टी भरण्यावर, आणि तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

हे सगळे आताच बोलण्याचे कारण म्हणजे शहरांनी चोवीस तास पाण्याच्या योजना हाती घेतल्या आहेत. पुण्याच्या समान पाणीपुरवठा योजनेत लाखोंच्या संख्येने मीटर बसत आहेत. तीन तास पाणी असताना आमच्या त्या छिद्रातून रोज सहाशे लिटर जात होते. दाब तोच ठेवून पाणी चोवीस तास सुरू राहिले तर जवळपास पाच हजार लिटर जाईल. माणशी १३५ लिटर या मानकाने ते सदतीस माणसांचे पाणी झाले. जुने पाइप जुन्याच मालकीत ठेवून नवा दाब सोडला तर जास्तीचे पाणी घरांत जाण्याआधी रस्त्याखाली जाईल. म्हणून मीटर बसवताना, त्याच खोदाईत, फेरूलपासून मीटरपर्यंतचा पाइप बदलून तो पालिकेने आपल्या नावावर घ्यावा, आणि मीटर आवाराच्या आत कुठेतरी जिन्याखाली न बसवता हद्दीच्या भिंतीला लागून बसवावा, म्हणजे पुढे वाद घालायला तुकडाच उरणार नाही.

आमच्याकडे नवे मीटर बसवायला आलेल्या मुलांनी पेटी फाटकापासून आठ फूट आत, पार्किंगच्या खांबाजवळ लावली, कारण तिथे फरशी काढणे सोपे होते. भिंतीपाशी लावा म्हणून मी सांगून पाहिले. त्यांच्या नकाशात तसे काही नव्हते. फेरूलपासून त्या पेटीपर्यंतचा पाइप कोणाचा, हे लेखी विचारणारे पत्र मी खात्याला दिले आहे आणि त्याची पोच माझ्याकडे आहे.